न मारलेली फुली

सुल्माच्या पोटात पहिल्यांदा कळ आली ती थर्मासमुळे.

वॉशिंग्टन पीरिस रोज सकाळी बगलेत गरम पाण्याचा थर्मास आणि हातात 'माते' नावाच्या कडू चहाचा भोपळा, म्हणजे सुकवलेल्या भोपळ्याचा पेला, घेऊन प्रयोगशाळेत यायचा. उरुग्वेत, मॉन्तेव्हिदेओत, यात नवल काहीच नाही. इथे माणसं बस पकडताना, भांडताना, कुणाच्या अंत्ययात्रेला जातानासुद्धा थर्मास खाली ठेवत नाहीत. पण वॉशिंग्टन आला की सरळ सुल्माच्या टेबलाशी थांबायचा. तो प्रयोगशाळेचा प्रमुख आणि ती त्याची रंगवाली. दोघं दाराबाहेरच्या बाकावर बसायची, कारण आत खायला-प्यायला बंदी. तो भोपळ्यातल्या कडू पाल्यावर गरम पाणी ओतायचा, नळीने पहिला घोट स्वतः घ्यायचा, मग पुन्हा भरून तिच्या हातात द्यायचा आणि विचारायचा, "बोल सुल्मिता, आज कुठले रंग?"

ती भोपळा रिकामा करून परत द्यायची. गप्प. माते परत देताना 'ग्रासियास', म्हणजे धन्यवाद, म्हणायचं नसतं. म्हटलं की त्याचा अर्थ बास, मला आता नको. सुल्माने त्याला कधी ग्रासियास म्हटलंच नव्हतं. इतकी वर्षं.

आणि त्या दिवशी तो आला, "काय गं, बरी ना?" म्हणाला आणि चालता चालता पुढे गेला. पुढच्या टेबलापर्यंत. नाइरच्या.

"चल नाइर, पाणी अगदी बरोबर गरम आहे."

झालं. नाइर उड्या मारत त्याच्याबरोबर बाहेर. सुल्मा हातात पिपेट धरून तशीच उभी, आणि तिच्या लक्षातच आलं नाही की पिपेटमधून थेंब थेंब गळतोय.

आता रंगवाली म्हणजे काय ते सांगते, नाहीतर पुढचं सगळं उगाच वाटेल. रक्तातल्या पेशी दिसायला सगळ्या सारख्याच. पण प्रत्येकीच्या अंगावर वेगवेगळ्या खुणा असतात. त्या खुणेला जाऊन चिकटणारा एक पदार्थ असतो, त्याच्या शेपटीला चमकणारा रंग बांधायचा आणि रक्तात सोडायचा. मग सायटोमीटर नावाचं यंत्र त्या पेशींना एका रांगेत लेसरसमोरून पळवतं, पेशी चमकते, आणि चमक बघून कळतं ही बाई कोण. सगळा खेळ कुठल्या खुणेला कुठला रंग द्यायचा याचा. कारण रंग शहाण्यासारखे आपापल्या जागेत राहत नाहीत. हिरव्याचा उजेड नारिंगीच्या खिडकीत सांडतो. नारिंगीचा लालमध्ये. शेजारच्या घरातला दिवा आपल्या भिंतीवर पडतो तसं. मग तो शेजारचा उजेड मोजून वजा करावा लागतो. प्रयोगशाळेत त्याला सगळे वजाबाकीच म्हणायचे.

सुल्मा ही निवड बटणांनी करायची. तिची आई ला तेहा भागात घरोघरचे कपडे शिवायची, तिचा बटणांचा पत्र्याचा डबा सुल्माकडे आला होता. टेबलावर कागद पसरायचा, त्यावर पेशींची वर्तुळं काढायची आणि बटणं मांडायची. हिरवं, नारिंगी, जांभळं, कोटाचं मोठं लाल. "ही खूण लाजाळू आहे, पेशीवर जेमतेम दिसते, हिला भडक कपडे द्या. ही बडबडी आहे, अंगभर आहे, हिला साधे चालतील. आणि ही दोन बटणं एकमेकांच्या अंगावर सांडतात, त्यांना एका पेशीवर बसवू नका रे बाबांनो." नवीन मुलं हसायची, पण लिहून घ्यायची. वॉशिंग्टन तर बाहेरच्या पाहुण्यांना मुद्दाम तिच्या टेबलाशी आणायचा. "बघा, आमचं सॉफ्टवेअर!" सुल्मा लाजून "गप रे" म्हणायची. पण तो दिवस तिचा भारी जायचा. घरी जाताना ती रॅम्बलावरून, नदीच्या कडेकडेने, चालत जायची.

लग्न तिने केलं नाही. नाही म्हणजे राहूनच गेलं. वॉशिंग्टनवर प्रेम-बिम होतं का? कुणी विचारलं असतं तर तिने हातातली रॅक फेकून मारली असती. त्याची बायको, मुलं, सगळ्यांना ती ओळखायची, वाढदिवसाला जायची. तिला तो नको होता. तिला तो प्रश्न हवा होता. आज कुठले रंग.

आणि तो प्रश्न आता नाइर बेंतांकोरला विचारला जात होता.

नाइर बेल्जियममधल्या गेंटहून आली होती. तिशीसुद्धा नाही, कानात मोठ्ठ्या चांदीच्या रिंगा, हसली की सगळ्या मजल्याला कळायचं. येताना तिने बर्फाच्या डब्यात एक कुपी आणली होती. गाईच्या पेशींसाठी बांधलेला जोडरंग. स्वतःच्या हाताने तिकडे बांधलेला. गाईंसाठी असलं काही बाजारात मिळत नाही. माणसांसाठी, उंदरांसाठी ढीगभर रंग, गाय बिचारी कुणाला हवीये? पण या प्रयोगशाळेचं सगळं आयुष्य गाईंवर. आणि पोरीने एका दिवसात लॅपटॉपवर डोंगरांसारख्या रेषा काढून आठ रंगांची निवड करून दाखवली. सुल्मा चारच्या वर सहसा जायची नाही.

"आठ!" वॉशिंग्टन म्हणाला. "आपल्या या म्हाताऱ्या यंत्रावर आठ!"

"मावतात की," नाइर म्हणाली. "नीट बसवले तर मावतात."

नीट बसवले तर. म्हणजे आजवर कुणी नीट बसवत नव्हतं का? सुल्मा वळली आणि तिने फ्रीजचं दार इतकं जोरात लावलं की वरचं कॅलेंडर खाली पडलं.

मग तिला सगळंच खुपायला लागलं. नाइरच्या रिंगा खुपायच्या. नाइर 'आमच्या गेंटमध्ये' म्हणायची ते खुपायचं. बिस्कोचोंचा, म्हणजे छोट्या गोड पावांचा, पुडा आला की नाइर साखरेचा उचलायची, जो इतकी वर्षं न सांगता सुल्मासाठी ठेवला जायचा, ते तर फारच खुपायचं. मुलं चेष्टा करायची, "सुल्मा, बटणं आता म्युझियमला देऊन टाक!" ती पण हसायची. आणि मग बाथरूममध्ये जाऊन नळ सोडून उभी राहायची.

तरी तिने नाइरला काम शिकवलं, नाही असं नाही. एकदा नाइर वजाबाकीच्या नळ्या बनवायला बसली, प्रत्येक रंगाची एक वेगळी नळी, तेव्हा सुल्मा म्हणाली, "रोज नाही करायच्या त्या. सोमवारी एकदा कर, तीच वजाबाकी आठवडाभर वापर."

"आमच्या गेंटमध्ये दर वेळी ताजी करतो."

"इथे गेंट नाहीये, पोरी. इथे माल बंदरात अडकला की उन्हाळ्याचा हिवाळा होतो. असंच उधळत बसलीस तर आठवड्यात तुझी ती लाडकी कुपी चाटून पुसून संपेल."

"आणि मधेच रंग खराब झाला तर?"

सुल्माने एप्रनच्या खिशातून काळा मार्कर काढला. "म्हणून हे. कुपी उन्हात राहिली, बाहेर राहिली, पडली, काहीही झालं की ज्याने पाहिलं त्याने झाकणावर फुली मारायची. कोणाची चूक ते नंतर. फुली दिसली की ताजी वजाबाकी केल्याशिवाय कुणी ती कुपी वापरत नाही. हा इथला नियम आहे. मी केलाय."

"छान आहे नियम," नाइर मनापासून म्हणाली, आणि सुल्माला ते पण खुपलं.

तेवढ्यात पितुकाची बातमी आली.

पितुका म्हणजे सान होसेकडच्या एबेर नावाच्या शेतकऱ्याच्या गोठ्यातली म्हातारी गाय. गाईंच्या रक्तात एक विषाणू असतो, त्याने पुढे रक्ताचा कॅन्सर होतो. पितुकाच्या अंगात तो वासरू असल्यापासून होता. तिच्या बहिणी गेल्या, लेकी गेल्या, नाती गेल्या. पितुका मजेत. वॉशिंग्टनचा अर्धा जन्म या एका प्रश्नात गेला होता, की हिच्या रक्तात असं आहे काय? आणि आता एबेरने गोठा बंद करायचं ठरवलं. गुडघे गेले होते त्याचे, मुलगा स्पेनला. शुक्रवारी ट्रक येणार, सगळ्या गाई कत्तलखान्यात. गुरुवारी शेवटचं रक्त मिळणार. एक नळी, त्याच दिवशी वापरायची, पुन्हा नाही.

वॉशिंग्टनने दोघींना बोलावलं. "दोघी आपापले रंग मांडा. मी एक निवडतो."

सुल्मा त्या संध्याकाळी बटणं घरी घेऊन गेली. स्वयंपाकघरातल्या टेबलावर ती कितीतरी वेळ चार बटणं इकडची तिकडे करत होती, जसं काही कुणाच्या लग्नाच्या पंगतीत पाहुणे बसवतेय. दुसऱ्या दिवशी तिने मांडणी दाखवली. वॉशिंग्टनने बघितलं, बोटाने लाल बटण जरासं सरळ केलं.

"सुंदर आहे, सुल्मिता. नेहमीसारखंच."

नेहमीसारखंच. तिला तिथेच कळलं.

"पण शेवटचं रक्त आहे. चार प्रश्न विचारण्यापेक्षा आठ विचारून घेऊ. नाइरचे रंग चालवू. यंत्र तूच चालवशील, अर्थात. तुझ्याशिवाय ते म्हातारं कुणाचं ऐकतं?"

म्हणजे ड्रायव्हर. सुल्मा म्हणाली, "बरं." आणि बटणं डब्यात टाकली, एकेक, मोठ्याने वाजवत.

बुधवारी दुपारी ते घडलं. डिसेंबर म्हणजे इथला भर उन्हाळा, खिडकीत नुसता जाळ. नाइर खिडकीशी तिची कुपी हातात घेऊन वर-खाली करून बघत होती, किती उरलंय. दारातून वॉशिंग्टनचा आवाज आला, "नाइर! तयार आहे गं!" नाइरने कुपी खिडकीच्या कट्ट्यावर ठेवली. एका मिनिटासाठी. आणि धावली. बाहेरून हसण्याचा आवाज यायला लागला, नळीचा शेवटचा घोट ओढतात तो सुर्र आवाज, परत हसणं. सुल्माला कुणी हाक मारली नव्हती. ती सेंट्रिफ्यूजसमोर त्या हसण्याकडे कान देऊन बसली. आत्ता काय म्हणाला असेल? माझ्यावरच हसतायत. नक्की माझ्यावरच.

कुपी उन्हात.

जोडरंग म्हणजे दोन रंग एकमेकांना बांधलेले. पहिला उजेड पकडतो आणि दुसऱ्याच्या हातात देतो, मग दुसरा गडद लाल चमकतो. पण त्याला ऊन सोसत नाही. उन्हात ती गाठ सुटते, आणि मग पहिला दुसऱ्याला काही देत नाही, स्वतःच चमकायला लागतो, नारिंगी. म्हणजे ज्या पेशीवर फक्त लाल असायला हवा तिथे नारिंगी पण दिसणार. खोटा. हे सुल्माला झोपेत विचारलं असतं तरी माहीत होतं.

तिने बघितलं. गेली नाही. बाहेरची मैफल संपेना, ती तरी गेली नाही. ऊन सरकून कट्ट्यावरून खाली उतरलं तेव्हा ती उठली, कुपी उचलली. हाताला कोमट लागली. तिने ती फ्रीजमध्ये, नाइरच्या डब्यात, नीट उभी ठेवली. दुसरा हात एप्रनच्या खिशात होता. मार्कर बोटांत होता. टोपण अर्धं उघडलंसुद्धा होतं.

आठ रंग म्हणे. बघू दे की.

तिने टोपण परत लावलं.

नाइर आत आली, कट्टा रिकामा बघून क्षणभर थांबली, मग फ्रीज उघडला, कुपी जागेवर दिसली. "अरे, ठेवली होती वाटतं मी," ती स्वतःशीच म्हणाली. झाकण कोरं होतं. सुल्मा पाठमोरी होऊन नळ्यांवर नावं लिहीत होती, आणि तिचे कान लालबुंद झाले होते.

गुरुवारी रक्त आलं. एबेरनेच आणून दिलं, डोक्यावरची टोपी काढून उभा राहिला. "डॉक्टर, सांभाळून हं. चांगली गाय आहे."

नाइरने पाचही बोटांनी जपून रंगवलं. थोडंसं रक्त नळीच्या तळाशी उरलं, ते तिने बर्फात ठेवलं. मग सगळे यंत्राच्या खोलीत. सुल्मा खुर्चीत, नाइर तिच्या खांद्यामागे, वॉशिंग्टन येरझाऱ्या घालत. सुल्माने सोमवारची वजाबाकी लावली, नळी चढवली, बटण दाबलं. पडद्यावर ठिपके पडायला लागले. पाऊस पडतो तसे. आणि वरच्या उजव्या कोपऱ्यात, जिथे काही नसायला हवं तिथे, एक ढग जमला. लाल पण आणि नारिंगी पण. दोन्ही खुणा एका पेशीवर.

वॉशिंग्टन थांबला.

"हे काय आहे?"

तो पुढे येऊन पडद्यावर वाकला.

"अरे हे काय आहे! अशी पेशी कुठल्या गाईत पाहिलीये कुणी? हेच! हेच ते!" त्याने नाइरचं डोकं दोन्ही हातांत धरून कपाळाचा मुका घेतला. "आठ रंग! चार असते तर दिसलीच नसती ही! थांबा, एबेर... एबेरला फोन... ती गाय ट्रकात चढता कामा नये!" आणि थर्मास बगलेत तसाच दाबून तो फोन शोधत बाहेर धावला.

सुल्मा त्या ढगाकडे बघत होती. तिला माहीत होतं तो काय आहे. बुधवारची दुपार होती ती, पडद्यावर. आणि खरं सांगायचं तर तिला गोड वाटलं. जिभेवर साखर विरघळावी तसं. तिच्या डोळ्यांसमोर सगळं आलं, ब्युनोस आयर्सची परिषद, नाइर रिंगा हलवत व्यासपीठावर, आणि मागच्या रांगेतून कुणीतरी म्हातारा उठतोय, 'बाई, तुमची कुपी उन्हात होती का?' आणि मग वॉशिंग्टन मान खाली घालून थर्मास घेऊन येतो, तिच्या टेबलाशी थांबतो...

"सुल्मा."

"काय."

"तुला पटतंय हे?"

"मला काय विचारतेस? तुझे रंग आहेत."

"म्हणूनच विचारतेय ना." नाइरचा आवाज अगदी बारीक झाला होता. "फार देखणं आहे गं हे. इतकं देखणं असतं का कधी खरं?"

"वॉशिंग्टनला विचार."

"तो नाचतोय. नाचणाऱ्या माणसाला काय विचारायचं?" ती खाली वाकली, पडद्याच्या इतकी जवळ की रिंग काचेला लागली. "लाल आणि नारिंगी. माझी गाठ सुटली असती तर असंच दिसलं असतं. पण वजाबाकी सोमवारची आहे, तेव्हा ठीक होती. आणि मधे काही झालं असतं तर झाकणावर फुली असती. मी सकाळी दोनदा बघितलं. तुझा नियम आहे म्हणून तर मी ताजी केली नाही." ती वळली. "तू सांग. कुठले रंग खरे आहेत यातले?"

कुठले रंग.

इतके दिवस सुल्मा ज्या प्रश्नासाठी जळत होती तो आला, आणि आला तो या पोरीच्या तोंडून. तिला रडूच यायला लागलं, आणि रागही आला, की ही का विचारतेय, हिने कशाला विचारावं, हिने जिंकून गप्प नाचायला काय जात होतं?

"उन्हात होती," सुल्मा म्हणाली.

"काय?"

"कुपी. तुझी. काल दुपारी. खिडकीत."

नाइर सरळ झाली. "तू पाहिलीस?"

"मीच आत ठेवली."

यंत्राचा पंखा घुं घुं करत होता. पडद्यावर अजून ठिपके पडतच होते, मूर्खासारखे.

"आणि फुली?"

सुल्माचा हात आपोआप खिशावर गेला. नाइरने ते बघितलं. ती पुढे आली, सुल्माच्या खिशात हात घालून तिने मार्कर ओढून काढला, फ्रीजकडे गेली, कुपी काढली आणि झाकणावर फुली मारली. इतकी दाबून की मार्करचं टोक आत गेलं. मग ती कुपी तिने सुल्मासमोर टेबलावर आपटली नाही, अलगद ठेवली. ते जास्त लागलं.

"तान्ह्या बाळासारखी आणली होती मी ती," नाइर म्हणाली. "विमानात मांडीवर."

"नाइर, मला..."

"नको. तो येतोय. तू सांग त्याला. सगळं. नुसती 'उन्हात राहिली' नाही."

वॉशिंग्टन आला तो हातात फोन नाचवत. "वाचली! एबेरने तिला एका बाजूला काढून ठेवलंय! म्हणतो, डॉक्टर, ती आधीच रुसलीये..." दोघींची तोंडं बघून तो थांबला.

सुल्माने सांगितलं. ऊन सांगितलं, खिडकी सांगितली, आणि टोपण अर्धं उघडून परत लावलं ते पण सांगितलं. का, ते सांगितलं नाही. ते त्याला कळायला हवं होतं, आणि त्याच्या चेहऱ्यावरून वाटलं की कळलं. तो ओरडला नाही. त्याने बगलेतला थर्मास काढला आणि जमिनीवर ठेवला. त्याला असं करताना त्या इमारतीत कुणी पाहिलं नव्हतं.

"उरलंय का रक्त?" शेवटी त्याने विचारलं.

"थोडं," नाइर म्हणाली.

"किती रंगांपुरतं?"

नाइरने सुल्माकडे बघितलं. सुल्माने बटणांचा डबा ओढला. घाईत एक हिरवं बटण टेबलावरून उडून गेलं, ते नाइरने उचललं आणि आणून ठेवलं. दोघी एकमेकींकडे न बघता बोलत होत्या.

"जोडरंग नको."

"नकोच."

"या लाजाळूला नारिंगी."

"नाही, नारिंगी इकडे दे. विषाणूने या पेशींवरची ही खूण आणखी कमी होते, गेंटमध्ये... मी पाहिलंय."

सुल्माने क्षणभर बघितलं. पोरीचं बरोबर होतं. तिने नारिंगी बटण सरकवलं, आणि त्या अवस्थेतही तिला वाटलं, हे मला का नाही सुचलं? चार रंग ठरले. या वेळी वजाबाकीच्या नळ्या ताज्या केल्या, माल गेला तरी गेला. रक्त चढवलं. ठिपके पडले. वरचा उजवा कोपरा रिकामा. स्वच्छ, कोरा, रिकामा.

पितुकाच्या रक्तात नवीन पेशी-बिशी काही नव्हती. नेहमीच्याच पेशींचा एक प्रकार जरा जास्त होता. जरा. कदाचित महत्त्वाचा, कदाचित नाही. वॉशिंग्टनने बराच वेळ बघितलं, मग फोन लावला. त्याचा आवाज एकदम म्हातारा झाला होता.

"एबेर, चूक झाली आमची. तुम्हाला पाठवायची असेल ती, तर पाठवा."

फोनमधून एबेरचा आवाज सगळ्यांना ऐकू आला. "आता कशी पाठवू, डॉक्टर? एकदा बाजूला काढली ना, आता ती काय परत कळपात जायला बघत नाही. बायकोने अंजिराच्या झाडाला बांधलीये, कोंडा घातलाय. राहू दे म्हणते. एक गाय काय, मी पण बसूनच असतो."

नाइर हसली. एवढंसंच, नाकातून. मग सामान आवरताना ती सुल्माच्या टेबलाशी आली.

"यापुढे रंग तुला विचारल्याशिवाय ठरवणार नाही," ती म्हणाली. "पण माते तुझ्या हातचा नको मला."

आणि ती तसंच वागली, अगदी शब्दाला जागून. वॉशिंग्टनने तो उन्हाळा थर्मास आपल्या खोलीतच ठेवला, कुणाच्याच टेबलाशी थांबला नाही. मग सुल्मा स्वतःचा आणायला लागली. बाकावर बसायची. येणाऱ्या-जाणाऱ्या मुलांना भरून द्यायची. नाइर लॅपटॉप घेऊन यायची, समोर बसायची, ही खूण कुठे, तो रंग कुठे, भांडायची सुद्धा. सुल्मा भोपळा पुढे करायची. नाइर हातही न लावता म्हणायची, "ग्रासियास." तो एक शब्द सुल्मा घरी घेऊन जायची आणि सबंध रॅम्बलाभर चघळायची.

हेवा गेला नव्हता हं. तिला वाटलं होतं एवढी नाचक्की झाली की जाईल. कुठलं काय. नाइरला काही सुचलं की पोटात कळ यायचीच. फरक एवढाच की आता ती कळ आली की सुल्मा खिशातला मार्कर घट्ट धरायची. फ्रीजमधल्या निम्म्या कुप्यांवर फुल्या झाल्या होत्या. मुलं वैतागली, "सुल्मा, ही तर फक्त टेबलावर होती!" "मी पाहिली. कर ताजी वजाबाकी."

एप्रिलमध्ये, उन्हाळा सरल्यावर, पितुकाचं रक्त परत आलं. एबेर म्हणाला, जाड झालीये, अंजिरं खाते. बाकावर पानं पडलेली, हवा छान गार. नाइर बसली, मांडीवर लॅपटॉप. सुल्माने बटणं मांडली. पाच रंग. पाचवा कुठला यावर दोघींचं वाजलं, अगदी आवाज चढवून. सुल्माचा जांभळा शेवटी नाइरने मान्य केला, तोंड वाकडं करून.

बोलता बोलता सुल्माने सवयीने भोपळा भरला, पुढे धरला, आणि चुकलंच की म्हणून मागे घेणार होती. नाइर पडद्याकडे बघत होती. तिने न बघताच हात पुढे केला. घेतला. ओढला, शेवटपर्यंत, सुर्र करून. परत दिला.

काही म्हणाली नाही.

सुल्मा श्वास धरून वाट बघत होती त्या शब्दाची. आला नाही. मग तिने हळूच पाणी ओतलं, सांडू नये म्हणून दोन्ही हातांनी.

तेवढ्यात वॉशिंग्टन बाहेर आला. नेमका तेव्हाच. बगलेत थर्मास, कितीतरी दिवसांनी. नाइरच्या खांद्यावरून लॅपटॉपमध्ये डोकावला. "वा! हा जांभळा काय बसवलायस गं, नाइर! डोकं लागतं याला!"

सुल्माच्या पोटात कळ आली. तीच. जुनी, ओळखीची.

"तिचा आहे जांभळा," नाइर म्हणाली. "माझं डोकं नारिंगीत."

"अरे वा, मग तर..." म्हणत वॉशिंग्टन बाकावर ऐसपैस बसला, आणि भरलेल्या भोपळ्याकडे बघून त्याने सहज हात पुढे केला. पाळी त्याचीच होती, नवीन येणाऱ्याला आधी द्यायचा असतो.

सुल्माने त्याच्याकडे बघितलं. मग भोपळा त्याच्या हातासमोरून नेला, सावकाश, आणि परत नाइरच्या हातात दिला.